मिनिटाला पाच थेंब

डिसेंबरातली सकाळ, सातची पहिली शिफ्ट. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये त्या वेळी लोखंडाला हात लावला की गारठ्याने बोटं आखडतात. चहाच्या किटलीभोवती निफाडचा पारा किती उतरला यावर चर्चा चाललेली, आणि मी बफिंगच्या, म्हणजे धातू घासून चमकवण्याच्या मशीनच्या काउंटरशाफ्टसमोर (मोटरची गती पट्ट्याने पुढे देणारा मधला दांडा) मोबाइलचं स्टॉपवॉच लावून उभा. शाफ्ट ज्यात फिरतो त्या बुशवर, म्हणजे धातूच्या बांगडीसारख्या बेअरिंगवर, तेलाची एक काचेची डबी बसवलेली आहे. तिच्या खालच्या छोट्या खिडकीतून थेंब पडताना दिसतो. पूर्ण एक मिनिट गेलं, तेव्हा एक थेंब पडला.

हीच डबी मी ऑक्टोबर हीटमध्ये, भर दुपारी, मिनिटाला पाच थेंबांवर लावली होती. त्यानंतर थेंबांचा वेग ठरवणाऱ्या नटाला कोणी हात लावलेला नव्हता. डबी भरलेली होती, जाळी साफ होती. आमचे मिस्त्री मागून आले, एकदा डबीकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, तेल जड झालंय. दहा वाजता मोजा." मग कुप्पी घेऊन त्यांनी दोन्ही बुशवर चार-चार थेंब हाताने सोडले आणि मशीन चालू केलं.

दहा वाजता मोजले, तीन पडत होते.

पुन्हा पुन्हा भरता येणारी तेलाची डबी, म्हणजे कारखान्यात ज्याला ऑइलर किंवा ऑइल कप म्हणतात ती, बघायला अगदी साधी वस्तू आहे. भांडं, भोक, झाकण. मलाही तसंच वाटायचं. मग स्वतःच्या मशीनसाठी चार-पाच डब्या बनवल्या, त्यातल्या निम्म्या फसल्या, आणि प्रत्येक वेळी फसण्याचं कारण वेगळं निघालं.

तेल नेमकं करतं काय

५० मिलिमीटरच्या शाफ्टला गनमेटलचा (तांबं-कथलाचा मिश्रधातू) बुश बसवताना दोघांमध्ये साधारण ०.०५ मिलिमीटर मोकळीक ठेवतात. ढोबळ नियम असा की व्यासाचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे केसही शिरणार नाही एवढी ती फट. शाफ्ट फिरायला लागला की तो तेलाला आपल्याबरोबर ओढत निमुळत्या जागेत नेतो. तिथे तेल कोंडतं, त्याचा दाब वाढतो आणि शाफ्ट त्या दाबावर अक्षरशः तरंगतो. भार जिथे सगळ्यात जास्त असतो तिथे या थराची जाडी काही मायक्रॉनच (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) उरते, पण तेवढा थर टिकला तर धातू धातूला लागत नाही.

हे कळलं ते एका अपघातानेच. १८८३ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी बीचम टॉवर (Beauchamp Tower) नावाचा अभियंता घर्षणाचे प्रयोग करत होता. शाफ्टच्या वर अर्धगोल बेअरिंग, त्यावर भार, आणि शाफ्टचा खालचा भाग तेलात बुडालेला. बेअरिंगच्या माथ्यावर त्याने तेल सोडायला भोक पाडलं. मशीन चालू केल्यावर तेल त्या भोकातून आत जाण्याऐवजी उसळून बाहेर यायला लागलं. भोकात बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकत बाहेर आली. शेवटी त्याने प्रेशर गेज लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता दर चौरस इंचाला १०० पौंड, आणि २०० पौंडांपर्यंत मोजणाऱ्या त्या गेजचा काटा शेवटापलीकडे गेला. पुढे १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं, आणि आजही बेअरिंगचं डिझाइन त्याच समीकरणावर चालतं.

ही गोष्ट मी कॉलेजात वाचली होती. वाचून विसरलोही होतो. आमच्या काउंटरशाफ्टची मोटर आधी खाली जमिनीवर होती. पट्टा शाफ्टला खाली ओढायचा, भार बुशच्या खालच्या अंगाला यायचा, आणि वरच्या भोकातून तेल मजेत आत जायचं. जागा अडते म्हणून मी मोटर वर, लोखंडी माचावर चढवली. पट्ट्याचा ओढ उलटा झाला. आता भार बुशच्या वरच्या अंगाला, बरोबर तेलाच्या भोकापाशी. थेंब खिडकीतून पडताना दिसायचे, म्हणून आम्ही निवांत. ते भोकाच्या तोंडाशी साचून बाहेरून ओघळत होते. आठवडाभरात बुश जळाला, शाफ्टवर बोट अडकेल एवढे ओरखडे. टॉवरची खुंटी माझ्याच शेडमध्ये उडाली होती आणि मी खाली सांडलेलं तेल पुसत बसलो होतो.

तेव्हापासून डबी कशी असावी याच्या आधी मी ती कुठे बसवायची ते ठरवतो. भार कुठल्या अंगाला आहे ते शोधायचं आणि तेल त्याच्या विरुद्ध अंगाने सोडायचं. विरुद्ध अंग खाली येत असेल तर बाजूने, शाफ्ट भाराकडे वळण्याआधीच्या टप्प्यावर.

घरातल्या घरात चार ऑइलर

नाशिककराला ऑइलरचे प्रकार समजवायला कॅटलॉग लागत नाही. भांडी बाजारात जा, तिथे तांब्याचं अभिषेकपात्र टांगलेलं असतं. बुडाला बारीक भोक, त्यात दर्भाची काडी किंवा दोरा, खाली महादेवाची पिंड. ठिबक पद्धतीचा ऑइलर म्हणजे हेच. फरक एवढा की काडीच्या जागी टोकदार सुई असते आणि ती वर-खाली करणारा नट. सुई वर घेतली की फट वाढते, थेंब वाढतात.

दुसरा प्रकार समईचा. वातीतून तेल आपोआप वर चढतं हे आपण रोज बघतो. वातीच्या ऑइलरमध्ये लोकरीच्या धाग्याचं एक टोक तेलात, दुसरं शाफ्टकडे जाणाऱ्या नळीत. नळीतलं टोक डबीतल्या तेलाच्या पातळीपेक्षा खाली लोंबलं पाहिजे, मगच तेल चढून पलीकडे उतरतं. किती तेल द्यायचं ते धाग्यांच्या संख्येवर ठरतं, हवं तर एक धागा वाढवा किंवा काढा. आणखी एक फायदा असा की वात तेल गाळूनच देते. तोटा म्हणजे मशीन बंद असलं तरी ती देतच राहते. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी आलात की डबी रिकामी आणि फरशी चकचकीत. वाफेच्या इंजिनांवर काम करणारे लोक शिफ्ट संपली की वात उचलून बाजूला ठेवायचे.

तिसरा प्रकार कुक्कुटपालनवाल्यांना पाठ आहे. कोंबड्यांच्या पाण्याचं ते उपडं भांडं. ताटलीतलं पाणी कमी होऊन भांड्याचं तोंड उघडं पडलं की एक बुडबुडा आत जातो, तेवढं पाणी बाहेर येतं, तोंड पुन्हा बुडतं आणि पाणी थांबतं. पंपाच्या बेअरिंगच्या बाजूला तेलाची उपडी बाटली दिसते ती याच तत्त्वावर एकाच पातळीवर तेल राखते. हिची खोड उन्हात कळते. १०० मिलीलिटरची बाटली अर्धी रिकामी असेल तर आत ५० मिलीलिटर हवा कोंडलेली असते. सकाळच्या १० अंशांवरून दुपारच्या ४० अंशांवर गेली की हवा सुमारे दहा टक्के फुगते आणि पाचेक मिलीलिटर तेल विनाकारण बाहेर ढकलते. पश्चिमेच्या पत्र्याला टेकून अशी बाटली बसवू नये.

चौथा मला सगळ्यात आवडतो आणि हल्ली फारसा दिसत नाही. उपडी बाटली, बुचाच्या भोकात सैल बसलेली सुई, आणि सुईचं खालचं टोक थेट फिरत्या शाफ्टवर टेकलेलं. शाफ्ट फिरला की सुई थरथरते, कडेने हवा वर जाते, तेल खाली उतरतं. शाफ्ट थांबला की सुई शांत, तेल बंद. वीज नाही, व्हॉल्व्ह नाही, माणसाची आठवणही लागत नाही.

बैलगाडीच्या खाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, तेही याच कुळातलं म्हणा. फक्त तिथे ऑइलर म्हणजे गाडीवान.

भांडं केवढं

समजा मिनिटाला पाच थेंब हवेत आणि शिफ्ट आठ तासांची आहे. पाच गुणिले साठ गुणिले आठ, म्हणजे २,४०० थेंब. आता थेंब म्हणजे किती? पाण्याचे साधारण वीस थेंब एक मिलीलिटर होतात. तेलाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे त्याचा थेंब लहानपणीच सुटून पडतो, आणि एका मिलीलिटरला तीस-चाळीस लागतात. नळीच्या तोंडाच्या व्यासावर हा आकडा बदलतो, म्हणून आपल्या डबीचे शंभर थेंब औषधाच्या मापात पाडून स्वतः मोजावेत. मी ३५ धरतो. २,४०० भागिले ३५, म्हणजे सुमारे ७० मिलीलिटर. शिफ्टच्या शेवटी थोडं शिल्लक राहावं म्हणून १०० मिलीलिटरची डबी.

इथवर सोपं आहे. पण १०० मिलीलिटर साडेतीन सेंटीमीटर व्यासाच्या उंच नळकांड्यातही मावतं आणि सात सेंटीमीटर व्यासाच्या बसक्या वाटीतही. पहिल्यात तेल साडेदहा सेंटीमीटर उभं राहतं, दुसऱ्यात जेमतेम अडीच. थेंबाला खाली ढकलतो तो वरच्या तेलाचा भार. तेल उतरलं की भार कमी, थेंब कमी. सुईची फट बुडाच्या दोन सेंटीमीटर खाली आहे असं धरून हिशेब केला, तर ७० मिलीलिटर संपल्यावर उंच नळकांड्याचा वेग सुरुवातीच्या चाळीस टक्क्यांवर येतो, बसक्या वाटीचा साठ टक्क्यांवर. बसक्या वाटीची सुई सहा सेंटीमीटर खाली नेली तर जवळजवळ ऐंशी टक्के टिकतो. म्हणजे भांडं रुंद आणि फट खोल. बाजारातल्या बऱ्याच डब्या मात्र उंच आणि सडपातळ असतात, कारण तशा दिसायला छान दिसतात आणि जागा कमी खातात. जागेचं कारण मला पटतं.

आणि हो, डबी दोन शिफ्टना पुरेल एवढी मोठी करायचा मोह होतो. मी करत नाही. रोज भरायला जाणारा माणूस रोज बुशला हात लावून बघतो, गरम लागतोय का, आवाज बदललाय का. तीन दिवसांची डबी लावली की तीन दिवस तिकडे कोणी फिरकत नाही.

तेल जड होतं म्हणजे काय

आता ती डिसेंबरची सकाळ. आम्ही वापरतो ते व्हीजी ६८ तेल. त्यातला ६८ हा आकडा तेलाचा दाटपणा सांगतो, पण ४० अंश सेल्सिअसला मोजलेला. तोच दाटपणा ३५ अंशांना ९० सेंटीस्टोकच्या (दाटपणा मोजायचं एकक) आसपास असतो आणि १० अंशांना साडेचारशेच्या घरात जातो. पाच पट. सुईच्या बारीक फटीतून तेल संथ सरकतं तेव्हा त्याचा वेग दाटपणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दाटपणा पाच पट झाला की पाचाचा एक थेंब होतो. माझ्या स्टॉपवॉचने जे दाखवलं ते अगदी पुस्तकी उत्तर होतं. मध्ये कुप्पीने चार थेंब सोडून मिस्त्रींनी जे केलं, तेही.

कारण वाईट वेळ नेमकी तीच असते. रात्रभर थांबलेल्या शाफ्टखालचं तेल पिळून निघून गेलेलं असतं. पहिल्या काही फेऱ्या धातूवर धातू. त्याच क्षणी डबी कंजुषी करते, आणि दुपारी दोनला, जेव्हा सगळं सुरळीत तरंगत असतं, तेव्हा सढळ हाताने ओतते.

उपाय बरेच आहेत. तापमानाने कमी बदलणारं सिंथेटिक तेल घेता येतं, महाग पडतं. डबी लांब नळीने वेगळी न टांगता थेट बुशच्या घरावर बसवली तर मशीन तापल्यावर डबीही तापते आणि तासाभरात वेग सावरतो. किंवा नटावर ऋतूप्रमाणे खुणा करता येतात, त्याबद्दल शेवटी सांगतो. पण बंद-चालू करायची कळ आणि थेंबांचा वेग ठरवणारा नट या दोन गोष्टी वेगळ्याच असल्या पाहिजेत, यावर मी अडून बसतो. चांगल्या डबीवर वर एक छोटा खटका असतो. उभा केला की सुई उचलली जाते, आडवा केला की बसते. नट जागचा हलत नाही. माझ्या पहिल्या डबीत एकच नट दोन्ही कामं करायचा. रोज संध्याकाळी हेल्पर तो पूर्ण आवळायचा, सकाळी अंदाजाने सोडायचा. कधी दोन थेंब, कधी धार.

श्वास

दुसरी डबी मी हौसेने बनवली. ॲक्रिलिकची स्वच्छ पारदर्शक नळी, वर पितळेचं घट्ट झाकण, आत रबरी रिंग. धुळीचा कण जायला नको म्हणून सगळं हवाबंद. भरली, लावली, थेंब सुरू. वीस मिनिटांनी थेंब बंद. झाकण सैल केलं की सुरू, आवळलं की थोड्या वेळाने बंद.

तेल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला हवी. पाण्याचा कॅन उपडा करताना तो गुडगुड करतो ते याचमुळे. हवेला वाट नसेल तर आत पोकळी तयार होते आणि तीच तेलाला धरून ठेवते. म्हणजे झाकणाला भोक हवं. पण भोक माथ्यावर पाडलं की बफिंगची धूळ थेट आत, आणि कुणी पाइपने मशीन धुतलं की पाणीही. म्हणून भोक झाकणाच्या कडेला, खाली वळलेल्या ओठाच्या आड पाडतात, जसं कौलाच्या पागोळीखाली भिंत कोरडी राहते तसं. आत फोमचा किंवा बारीक जाळीचा तुकडा.

एवढं करूनही पावसाळा आत शिरतोच. दिवसा डबीतली हवा तापून बाहेर जाते, रात्री गार होऊन बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. इगतपुरी-त्र्यंबककडचा पाऊस आमच्याकडे पोचत नसला तरी जुलैत हवा ओली ती ओलीच. तो ओलावा काचेवर धरतो, ओघळतो आणि तेलापेक्षा जड म्हणून बुडाशी जाऊन बसतो. तेलाचं भोक बुडालाच असेल तर बुशला पहिल्यांदा पाणी मिळतं. त्यामुळे तेल जाणारी नळी बुडापासून चार-पाच मिलिमीटर वर उठवून घ्यायची आणि अगदी तळाला वेगळा छोटा नट ठेवायचा. तो सोडला की पाणी आणि गाळ आधी निघून येतो. हा एक नट दाखवणारी डबी मला आजवर फार थोड्या वेळा दिसली आहे, आणि का कमी दिसते ते मला कळत नाही.

तोंड

पुन्हा भरता येणाऱ्या डबीत सगळ्यात जास्त विचार तोंडाचा करावा लागतो, कारण सगळी घाण तिथूनच जाते.

१८७२ मध्ये एलायजा मॅकॉय नावाच्या माणसाने वाफेच्या इंजिनांसाठी आपोआप तेल देणाऱ्या ऑइलरचं पेटंट घेतलं. आई-वडील अमेरिकेतल्या गुलामीतून निसटून कॅनडात आलेले, आणि मुलगा एडिंबऱ्याला जाऊन इंजिनिअर होऊन आला. पण काळा म्हणून मिशिगन सेंट्रल रेल्वेने त्याला काम दिलं ते इंजिनात कोळसा टाकायचं आणि तेल घालायचं. गाडी मधेच थांबवून तेल घालत फिरायचं हे त्याचं रोजचं काम होतं. ज्याला रोज वाकून भरावं लागतं त्यानेच ती डबी सुधारली, हे मला फार योग्य वाटतं.

आमच्याकडे भरणारा माणूस हेल्पर. एका हातात कुप्पी, दुसऱ्या हातात चिंधी. झाकण आटे फिरवून काढायचं असेल तर ते ठेवणार कुठे? मशीनच्या पट्टीवर, जिथे बफिंगची राख पसरलेली असते. तसंच उचलून पुन्हा लावणार. ०.०५ मिलिमीटरच्या फटीत जाणारं तेल आपण एमरीच्या, म्हणजे बफिंगच्या घासपुडीच्या, चुऱ्यासकट भरतो. म्हणून झाकण बिजागरीचं हवं, एका अंगठ्याने उघडणारं, आणि सोडलं की स्प्रिंगने आपोआप मिटणारं. तोंड कुप्पीच्या नाकापेक्षा चांगलं रुंद हवं, म्हणजे नरसाळं लागणार नाही. नरसाळं म्हणजे खिळ्याला उघडं टांगलेलं धुळीचं भांडं. तोंडाच्या आत पितळी जाळी, पण हिवाळ्यात तेल तिच्यावर तुंबू नये इतकी मोठी. फार बारीक जाळी असली की हेल्पर कंटाळतो, जाळी काढून खिशात टाकतो आणि सांगत नाही.

डबीवर आणि कुप्पीवर एकाच रंगाचा पट्टा मारा. चुकीचं तेल भरणं ही धुळीपेक्षा महाग चूक आहे. गियरबॉक्सच्या काही तेलांत गंधकाची संयुगं असतात, ती तापलेल्या पितळ-गनमेटलला खातात. पिंपळगाव-दिंडोरीच्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये तर पट्ट्याच्या वर असलेल्या प्रत्येक ऑइलरला खाण्याच्या मालाला चुकून लागलं तरी चालेल असं, एच-१ वर्गाचं तेल लागतं. तिथे साध्या तेलाची कुप्पी आवारातच नको.

आणि चालत्या पट्ट्यावरून हात घालून भरावं लागेल अशा जागी डबी नको. गार्डच्या बाहेर डबी, आत नळी. नळी उताराची, कुठेही वर चढ नाही.

काळी रिंग

रबरी रिंगबद्दल थोडक्यात. दुकानात मागितलं की "काळी रिंग, इतक्या एमएमची" मिळते. खनिज तेलाला नायट्राइल रबर चालतं. पाण्याच्या नळाला आणि ब्रेक ऑइलला चालणारं ईपीडीएम रबर खनिज तेलात फुगतं. दोन्ही काळीच, डोळ्यांना सारखीच. माझ्या डबीचं झाकण पंधरा दिवसांनी उघडेनाच, पाना लावला तेव्हा आतून रिंग शेवेसारखी फुगून आट्यांत शिरलेली. आता नवीन रिंग आली की त्यातली एक रिंग बाटलीतल्या तेलात दोन दिवस बुडवतो आणि आधी-नंतर व्हर्नियरने मोजतो.

पारदर्शक नळीचंही तसंच. काच फुटते म्हणून ॲक्रिलिक घेतलं, आणि दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी ते थिनरने चमकवलं. संध्याकाळपर्यंत त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. आता काचच वापरतो, भोवती पितळेच्या चार पट्ट्यांचा पिंजरा.

तर सध्याची डबी अशी: सात सेंटीमीटरची बसकी काच, खाली लांब मान, मानेत खिडकी, तळाला पाणी काढायचा नट, वर बिजागरीचं झाकण आणि खटका. ड्रॉइंग घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, कागद आडवा-उभा फिरवला आणि विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूला?" मी म्हणालो, चारी बाजूंनी काच आहे, कुठूनही दिसेल. ते काही बोलले नाहीत. ऑपरेटरच्या स्टुलावर जाऊन बसले आणि तिथून बोट दाखवलं. पिंजऱ्याची एक पट्टी बरोबर थेंबाच्या समोर येत होती. पिंजरा पंचेचाळीस अंश फिरवला.

डबी लागली. मार्चमध्ये ऊन चढलं तशी पाचाचे सहा-सात थेंब व्हायला लागले. एका दुपारी बघतो तर मिस्त्रींनी त्रिकोणी कानस घेऊन नटाच्या कडेला दोन खाचा पाडल्या होत्या. एकीशेजारी पंचने ठोकलेलं 'थं', दुसरीशेजारी 'उ'. थंडी आणि उन्हाळा.

"आणि पावसाळ्याची खूण?" मी विचारलं.

"पावसाळ्यात वरच्या नटाला हात लावायचा नाही," ते म्हणाले, "खालचा सोडायचा. दर सोमवारी."